वाचकांचे प्रश्न : लिपिड प्रोफाइलचे आकडे आणि हृदयाच्या धमन्या

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांना रक्ततपासणीच्या अहवालाची प्रत जोडलेली होती. कुणी आकड्यांभोवती लाल शाईने गोल केले होते, तर कुणी समासात फक्त एक मोठे प्रश्नचिन्ह काढून पाठवले होते. तपासणी शिबिरे आणि सवलतीतली ‘पॅकेजेस’ यांच्यामुळे हे आकडे घरोघरी पोहोचले आहेत, त्यांचा अर्थ मात्र प्रयोगशाळेतच राहून गेला आहे. म्हणून हा संपूर्ण अंकभाग लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील मेदांची तपासणी, आणि तिच्यासोबतच्या हृदयाच्या तपासण्या या एकाच विषयाला दिला आहे. उत्तरे तपासण्यांविषयी आहेत. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा शिक्षक आहे. वजन ६४ किलो, तंबाखू-सिगारेटचे व्यसन नाही. अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १९८, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४, व्हीएलडीएल ५२ आणि एलडीएल ११२ असे आकडे आहेत. एलडीएल फारसे वाढलेले नसतानाही आमच्या डॉक्टरांनी ‘अपो-बी’ नावाची आणखी एक तपासणी सांगितली आहे. तिचे वेगळे पैसे पडतात. ती खरोखर गरजेची आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आपला अहवाल पुन्हा हाती घ्या आणि एक बेरीज-वजाबाकी करून पाहा. २६० ला ५ ने भागले की ५२ येतात, आणि १९८ मधून ३४ व ५२ वजा केले की ११२ उरतात. म्हणजे आपले व्हीएलडीएल आणि एलडीएल हे दोन्ही आकडे यंत्राने मोजलेले नाहीत, ते कागदावर काढलेले आहेत. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्र मांडले आणि स्वस्त व सोपे असल्यामुळे ते जगभर रुळले. परंतु ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, जसजसे वाढते तसतसे हे गणित लंगडे पडत जाते, आणि ते ४०० च्या पुढे गेले की हे सूत्र वापरूच नये असा दंडक आहे. आपण अजून त्या सीमेच्या आत आहात, पण निर्धास्त राहावे इतके आतही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एलडीएलचा आकडा नेमके काय मोजतो हेच बहुतेकांना कुणी सांगितलेले नसते. स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातून प्रवास करताना त्यांना प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांतून जावे लागते. याच कणांना लिपोप्रोटीन म्हणतात; एलडीएल, व्हीएलडीएल, एचडीएल ही त्यांच्याच प्रकारांची नावे. ‘एलडीएल ११२’ याचा अर्थ एक डेसिलिटर रक्तद्रवातील एलडीएल कणांमध्ये मिळून ११२ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल भरलेले आहे. कण किती आहेत, हे त्यावरून कळत नाही. आषाढीच्या पालखी सोहळ्यात एका दिंडीत पन्नास वारकरी असतील, दुसरीत पाचशे. वीणेकरी मात्र प्रत्येक दिंडीत एकच. वारकऱ्यांची शिरगणती करून दिंड्या किती आल्या हे समजत नाही, वीणा मोजल्या की समजते. अपो-बी ही ती वीणा आहे. यकृतातून निघालेला कण व्हीएलडीएल असो की पुढे त्याचेच झालेले एलडीएल, त्यावर ४,५३६ अमिनो आम्लांच्या या लांबलचक प्रथिनाचा एकच रेणू असतो आणि कणाच्या अखेरीपर्यंत तो त्याला सोडत नाही.

धमनीच्या दृष्टीने ही संख्याच निर्णायक ठरते. हे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून सतत आरपार जात असतात. त्यांतले काही भिंतीतच अडकतात, तिथे त्यांच्यावर रासायनिक बदल होतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि खाऊन खाऊन त्या स्वतःच फेसाळ, मेदाने भरलेल्या होऊन तिथे साचतात. कण जितके जास्त, तितके अडकणारे जास्त. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल कमी असते त्यांचे एलडीएल कण बहुधा लहान आणि कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने अर्धपोटी असतात. त्यामुळे तेच ११२ मिलिग्रॅम वाहून नेण्यासाठी अधिक कण लागतात. आपल्या डॉक्टरांना नेमकी हीच शंका आली असावी, आणि मला ती रास्त वाटते.

पैशांची अडचण असेल तर त्यावर एक बिनखर्ची उपाय आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १९८ उणे ३४, म्हणजे १६४. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि अपो-बी वाहणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल यात येते. सर्वसाधारण धोका असलेल्या व्यक्तीचा हा आकडा १३० च्या आत असावा. आपले एलडीएल ‘जवळपास योग्य’ आणि नॉन-एचडीएल मात्र चांगलेच जास्त, ही तफावतच सारे सांगून जाते. ती दिसल्यावर अपो-बी करून घेतल्यास औषधाचा निर्णय अधिक ठामपणे घेता येतो, म्हणून जमत असेल तर एकदा जरूर करा. दरवर्षी करण्याची गरज नाही.

वजन ६४ किलो आहे, हे आपण काहीशा भरवशाने लिहिले आहे. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण आहे, आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड व उतरलेले एचडीएल ही जोडी तिच्याच मागोमाग येते. तेव्हा वजनकाट्याऐवजी टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यापुढे ती जाऊ नये. सोबत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कारण मधुमेहाची चाहूल आणि मंदावलेले थायरॉइड ही दोन्ही लिपिडचे आकडे बिघडवतात. मद्य घेत असाल तर ट्रायग्लिसराइडचा निम्मा उलगडा कदाचित तिथेच होईल.

प्रश्न : वडिलांची बायपास होऊन दोन वर्षे झाली. ताज्या अहवालात त्यांचे एलडीएल ९२ आहे आणि समोर ‘नॉर्मल’ असे छापले आहे, तरीही डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. हे अति होत नाही का? — एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. छापील रकान्यातली मर्यादा सर्वांसाठी एकच असते. तिला वडिलांची छाती एकदा उघडली गेली आहे हे ठाऊक नसते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्यांचे एलडीएल १०० च्या आत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारखा अधिक धोका असलेल्यांचे ७० च्या आत, आणि ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा धमन्यांचा विकार सिद्ध झाला आहे अशांचे ५५ च्या आत असावे. वडील शेवटच्या गटात मोडतात. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने घटतात. ९२ आणि ५५ यांतले अंतर जवळजवळ तेवढेच आहे. बायपासमध्ये अडथळ्याला वळसा घालून नवी वाट काढली जाते. ज्या रक्तामुळे जुनी वाट बुजली ते रक्त मात्र तेच राहते.

प्रश्न : लिपिड प्रोफाइलसाठी बारा तास उपाशी राहिलेच पाहिजे का? मला मधुमेह आहे आणि उपाशीपोटी चक्कर येते. — एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुतेकांना आता त्याची गरज नाही, आणि आपल्यासारख्यांनी तर हट्टाने उपाशी राहूच नये. नेहमीच्या जेवणाने एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि अपो-बी यांत नगण्य फरक पडतो. ट्रायग्लिसराइड तेवढे थोडे चढते. वर उल्लेखलेले भारतीय मार्गदर्शनही उपाशी न राहता केलेली तपासणी ग्राह्य धरते. मात्र तशा तपासणीत ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तर ती उपाशीपोटी पुन्हा करावी.

उपाशी राहण्याची प्रथा कशी पडली असावी, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही डोळ्यांनी पाहता येते. भरपेट जेवणानंतर काढलेल्या रक्तातला द्रव कधीकधी गढूळ, पातळ ताकासारखा दिसतो. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलेल्या रुग्णाची नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी तिच्यावर चक्क सायीसारखा थर धरलेला असतो. ही साय म्हणजे आहारातला मेद वाहणारे कायलोमायक्रॉन नावाचे मोठे कण. गंमत अशी की, ते एवढे मोठे असतात की धमनीच्या भिंतीत सहजी शिरू शकत नाहीत. इतक्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडचा पहिला धोका हृदयाला नसून स्वादुपिंडाला असतो, आणि स्वादुपिंडाची ती सूज जिवावर बेतू शकते.

प्रश्न : माझे चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ७८ आहे. एलडीएल १६८ असले तरी हे त्याची भरपाई करते ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही नावे ज्याने कुणी रूढ केली त्याने आमच्या पेशाची बरीच उत्तरे अवघड करून ठेवली आहेत. एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणून ते औषधाने वाढवले की विकार टळेल, असे वाटणे स्वाभाविक होते. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवून दाखवले. आणि डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी तातडीने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले. त्या औषधाचे रक्तदाब वाढवण्यासारखे स्वतःचे दुष्परिणामही होते, हे खरे. पण नंतर आनुवंशिक अभ्यासांतही असे आढळले की, ज्यांचे एचडीएल जन्मतःच एका विशिष्ट जनुकामुळे जास्त असते त्यांना झटका कमी येतो असे नाही. तापमापकातला पारा झटकून खाली आणला म्हणून ताप उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे. धोक्याचा अंदाज बांधताना एचडीएल उपयोगी पडते, उपचाराचे लक्ष्य म्हणून नाही. आपले नॉन-एचडीएल १६८ हून जास्तच असणार, आणि ७८ कडे पाहून ते माफ करता येणार नाही.

प्रश्न : मी मेलबर्नला राहते, वय ३९. इथल्या अहवालात एलडीएल ३.२ आणि ‘लिपोप्रोटीन (ए)’ १८० असे आहे. माझे काका ४४ व्या वर्षी झटक्याने गेले. कोल्हापूरला राहणाऱ्या आई-बाबांना हे आकडे कसे समजावू, आणि त्यांनीही ही तपासणी करावी का? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : पहिला प्रश्न केवळ एककांचा आहे. तिकडे कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये सांगतात, त्याला ३८.६७ ने गुणले की आपल्याकडचा आकडा मिळतो. तेव्हा ३.२ म्हणजे सुमारे १२४. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र गुणक वेगळा, ८८.५७, आणि इथेच अनेकांची फसगत होते.

लिपोप्रोटीन (ए) चा शोध नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये लावला. एलडीएलच्याच कणाला, त्याच्या अपो-बीला, आणखी एक प्रथिन जोडलेले असते. या जोडप्रथिनाची लांबी माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे याचे नॅनोमोलमधले आकडे मिलिग्रॅममध्ये अचूक बदलता येत नाहीत. साधारणपणे १२५ नॅनोमोल किंवा ५० मिलिग्रॅम यापुढील पातळी वाढीव मानतात, म्हणजे आपली वाढीव आहे. ही पातळी जवळजवळ सर्वस्वी आनुवंशिकतेने ठरते. आहार, व्यायाम किंवा वजन यांनी ती फारशी हलत नाही आणि स्टॅटिननेही उतरत नाही. सुमारे एक चतुर्थांश भारतीयांमध्ये ती वाढलेली असते, असे २०२४ च्या भारतीय मार्गदर्शनात नमूद आहे. घरात मधुमेह नाही, सिगारेट नाही, तरी कमी वयात झटका, अशा घराण्यात हिचा माग जरूर काढावा.

आई-बाबांनी, आणि काकांच्या मुलांनी तर अवश्य, ही तपासणी आयुष्यात एकदा करावी. पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. ‘जे बदलता येत नाही ते कळून उपयोग काय,’ असे बाबा विचारतील. उपयोग असा की, ही पातळी वाढीव निघाली तर जे बदलता येते, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू, त्याबाबत एरवी दाखवतो तेवढी ढिलाई दाखवता येत नाही. आपल्या ३.२ कडेही आपल्या डॉक्टरांनी याच नजरेने पाहायला हवे.

प्रश्न : पॅकेजमध्ये ‘एचएस-सीआरपी’ १४ आले आणि पुढे लाल अक्षरात ‘हृदयविकाराचा तीव्र धोका’ असे छापून आले. घरात सगळे घाबरले आहेत. त्या आठवड्यात माझी अक्कलदाढ सुजली होती, याचा काही संबंध असेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : असेल कशाला, बहुधा तोच आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत झपाट्याने वाढते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते सापडले तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. हृदयाशी त्याचा संबंध जोडला गेला तो कितीतरी दशकांनी. हृदयाच्या संदर्भात १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धोका असे ढोबळ टप्पे आहेत, पण आकडा १० च्या वर गेला की तो हृदयासाठी वाचायचाच नसतो. आधी जंतुसंसर्ग शोधायचा, तो बरा होऊ द्यायचा आणि मग दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. छापील शेरा यंत्राने दिलेला आहे. आपली दाढ त्याला दिसलेली नाही.

तरीही ही तपासणी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ज्युपिटर’ चाचणीत १७,८०२ व्यक्ती होत्या. त्यांचे एलडीएल १३० च्या खाली, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होते. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. अर्थात त्या औषधाने एलडीएलही निम्मे झाले होते, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे हा वाद राहिलाच. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने त्याचे बऱ्याच अंशी उत्तर दिले. कॅनाकिनुमॅब या औषधाने एलडीएलला धक्काही न लावता केवळ दाह कमी केला, आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर घटना १५ टक्क्यांनी घटल्या; त्याचबरोबर जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, म्हणून हृदयविकारावर ते औषध सरसकट वापरात आले नाही. दुसरीकडे, जनुकांमुळे ज्यांचे सीआरपी आयुष्यभर थोडे जास्त असते त्यांना हृदयविकार अधिक होत नाही. म्हणजे धमनीतला दाह खरा, पण सीआरपी हा त्याची वर्दी देणारा आहे. वर्दी देणाऱ्यालाच आरोपी धरू नये. औषध सुरू करावे की नाही अशा काठावरच्या रुग्णाच्या बाबतीत ही वर्दी कामाला येते. दाढ दुखत असताना नाही.

प्रश्न : आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. तिघांचेही होमोसिस्टीन वाढलेले निघाले. हृदयासाठी बी-१२ घ्यावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : होमोसिस्टीन हे ना मेद ना प्रथिन; ते एक अमिनो आम्ल आहे, आणि शाकाहारी घरात ते वाढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बी-१२ ची कमतरता. जीवनसत्त्वे देऊन ते उतरवता येते, परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ते उतरवूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. बी-१२ कमी असेल तर ते नसांसाठी आणि रक्तासाठी जरूर घ्या. हृदयासाठी म्हणून नव्हे.

प्रश्न : वडिलांच्या छातीत रात्री जळजळ व दडपण वाटले. पित्त समजून सोडा घेतला. सकाळी जवळच्या लॅबमधून माणूस बोलावून ट्रोपोनिन केले, ते ‘निगेटिव्ह’ आले. चार दिवसांनी पुन्हा दुखले तेव्हा अँजिओग्राफीत तिन्ही धमन्यांत मोठे अडथळे निघाले. मग तो अहवाल चुकीचा होता का? — एक वाचक, सांगली

उत्तर : अहवाल बहुधा बरोबर होता; त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. वर ज्या मेदांची आणि प्रथिनांची चर्चा केली ती धमनीत पुढे काय होऊ घातले आहे त्याची सूचना देतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे आणि त्या स्नायूच्या पेशी इजा होऊन मरू लागल्या की ते रक्तात उतरते. धमनी नव्वद टक्के अरुंद झाली, पण पेशी अजून तग धरून आहेत, अशा माणसाचे ट्रोपोनिन अगदी व्यवस्थित येऊ शकते. उलट मूत्रपिंडाचा जुना विकार, फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग यांतही ते वाढते. त्यामुळे आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये धडधाकट माणसाचे ट्रोपोनिन करून धमन्या मोकळ्या असल्याची ग्वाही देणे योग्य नाही.

शिवाय ही तपासणी एकट्याने वाचायची नसते. दुखणे सुरू झाल्यानंतर ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, म्हणून रुग्णालयात पहिली नळी आल्याबरोबर आणि दुसरी एक ते तीन तासांनी घेतात. दोहोंत चढ दिसतो का, ते पाहतात. त्याआधी, रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी झालेला असावा लागतो, कारण मोठ्या झटक्यात धमनी उघडण्याचा निर्णय ईसीजीवरच घेतला जातो, ट्रोपोनिनची वाट पाहत कुणी थांबत नाही. घरी आलेल्या लॅबच्या माणसाकडे यांपैकी काहीच नसते. वडिलांना आता औषधे सुरू झाली असतील. तरी छातीत पुन्हा तसेच दडपण आले, घाम फुटला, किंवा दुखणे जबड्याकडे वा डाव्या हाताकडे सरकले, तर सोडा शोधू नका आणि लॅबलाही फोन करू नका. १०८ ला फोन करा, आणि शेवटचा ईसीजी व अँजिओग्राफीचा कागद सोबत घ्या.